पाटीवर काय लिहायचं



१९१५ साली अमेरिकेतल्या ‘एव्हरीबडीज मॅगझिन’ या मासिकात एडविन बॉवर्स यांचा एक लेख आला. दातदुखी थांबवायची तर पायाचं बोट दाबा, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. लेखाचे नायक होते हार्टफर्ड शहरातले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड. शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पायचे आणि दुखणं ज्या पट्ट्यात असेल, त्याच पट्ट्यातल्या बोटावर दाब द्यायचा, ही त्यांची रीत. त्यासाठी ते रबर बँड, कपडे वाळत घालायचे चिमटे, धातूचे कंगवे असलं घरचंच सामान वापरत. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, दोघांचं ‘झोन थेरपी’ हे पुस्तक निघालं. आज जिचं प्रमाणपत्र विद्यार्थ्यांच्या हाती पडतंय ती रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायाच्या ठरावीक जागा दाबण्याची पद्धत, याच मुळातून वाढली.

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला, तळपायाची कोणती जागा कोणत्या अवयवाची मानतात हे दाखवणारा चार्ट मात्र मुख्यतः युनिस इंगहॅम यांच्या कामातून आला. फिट्झजेराल्ड यांची पद्धत पुढे नेणाऱ्या डॉ. जो शेल्बी रायली यांच्याकडे त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. सुरुवातीला त्या दुखऱ्या जागेवर कापसाचा बोळा चिकटवत आणि माणसाला चालायला लावत. मग बोळे गेले आणि अंगठा आला. पेर वाकवायचं, सरळ करायचं, केसभर पुढे सरकायचं. इथल्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यापासून घोटलेली अंगठ्याची चाल ती हीच. १९३८ मध्ये त्यांचं ‘स्टोरीज द फीट कॅन टेल’ प्रसिद्ध झालं आणि पुढची कित्येक वर्षं त्या अमेरिकाभर फिरून शिकवत राहिल्या. ब्रिटनमध्ये डोरीन बेली आणि जर्मनीत हान्ने मार्क्वार्ट यांनी ही विद्या रुजवली. दोघीही इंगहॅम यांच्याकडेच शिकलेल्या.

म्हणजे हे शास्त्र जेमतेम शंभर वर्षांचं आहे. माहितीपत्रकांत इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या थडग्यातलं चित्र हमखास छापलेलं असतं. त्यात हातापायांवर कसले तरी उपचार चालले आहेत, एवढं खरं. ते रिफ्लेक्सॉलॉजीचेच आहेत, याला आधार नाही. आपल्याकडे काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासण्याची रीत आहे. तिने झोप चांगली लागते, हा घरोघरचा अनुभव आहे. पण तिचं आणि इंगहॅम यांच्या चार्टचं नातं जोडून दाखवायची गरज नाही. शंभर वर्षांच्या कामाला पाच हजार वर्षांची उसनी पुण्याई लागत नाही.

आता अवघड भाग. तो समारंभाच्या दिवशीच बोललेला बरा, कारण उद्यापासून समोर पेशंट बसेल.

२००० साली ब्रिटनमध्ये एक साधी चाचणी झाली. दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टनी अठरा माणसांचे पाय तपासले. प्रत्येकाला ठरावीक सहा आजारांपैकी एक किंवा अधिक होते. कोणाला काय आहे हे तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं, विचारायचीही मुभा नव्हती. त्यांचे निष्कर्ष निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरले नाहीत. २००९ मध्ये संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी अठरा नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला, आणि कोणत्याही आजारावर ही पद्धत परिणामकारक असल्याचं खात्रीने म्हणता येत नाही, असं नोंदवलं.

याचा रोजच्या कामातला अर्थ सरळ आहे. टाचेच्या वर, तळव्याच्या मध्यावर दाबल्यावर पेशंट कळवळला, तर ‘तुमची किडनी बिघडली आहे’ असं तोंडातून निघता कामा नये. बिचारा माणूस त्या रात्री झोपणार नाही. आणि उलटं तर त्याहून वाईट: ‘हृदयाचा पॉइंट अगदी नॉर्मल आहे’ हे ऐकून छातीत दुखणारा माणूस निर्धास्त घरी गेला, तर त्याची जबाबदारी कोणाची? निदान हे डॉक्टरचं काम आहे.

सरकारी भूमिकाही याच दिशेची आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशात रिफ्लेक्सॉलॉजीला रेकी, मॅग्नेटोथेरपी यांच्याबरोबर मान्यता न मिळालेल्या पद्धतींत धरलं आहे. अशा विषयांत संस्थांनी पदवी किंवा पदविका देऊ नये आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त पद्धतींच्या चिकित्सकांनीच लावावी, यावर राज्यांनी लक्ष ठेवावं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून आज इथे प्रमाणपत्रं दिली जात आहेत. म्हणूनच दवाखान्यासारखी पाटी लावून नावाआधी ‘डॉ.’ लिहिण्याचा मोह ज्याला होईल, त्याने तो पहिल्याच दिवशी मोडून काढावा. पाटीवर स्वतःचं नाव, ‘रिफ्लेक्सॉलॉजी’, वेळ आणि फी पुरे. मधुमेह, थायरॉइड, मूतखडा अशी आजारांची यादी तिथे नको. ब्रिटनमध्ये २००८ पासून अशा व्यावसायिकांची ऐच्छिक नोंदणी करणारी परिषद आहे. आपल्याकडे तसं कोणी विचारायला येत नाही, तेव्हा शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते.

मग उरतं काय? भरपूर उरतं. साठीच्या एक काकू पहिल्या सिटिंगला आल्या आहेत, असं धरू. केसपेपर भरताना विचारायचं, “काकू, शुगर आहे का? पाय शेवटचे कधी तपासून घेतले?” त्या म्हणतात, “अगं, पाय दुखतच नाहीत, तर तपासायचे कशाला?” इथेच कान टवकारायचे. पुढचा प्रश्न: “चालताना चप्पल निसटली तर कळतं का?” त्या थोडं थांबून म्हणतात, “नाही गं, दोनदा रस्त्यात राहिली.” आता अंगठा लावायचाच नाही. बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, टाचेची भेग खोल गेली आहे का, कुरूपाखाली रक्त साकळलंय का, हे उजेडात बघायचं. संवेदना गेलेल्या पायाला दाब किती झाला ते सांगता येत नाही, आणि बारीकशी जखमसुद्धा चिघळत जाते. डॉक्टर दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या काडीने ही संवेदना तपासतात. त्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून द्यायची, आणि त्या दिवसाची फी घ्यायची नाही.

एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी दिसली तरी हात मागे घ्यायचा. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. त्याच दिवशी हॉस्पिटल. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोर नको.

आणि स्वतःचा अंगठा. बरेच जण उत्साहाच्या भरात दिवसाला सात-आठ पेशंट घेतात आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा धरतो. जोर खांद्यातून आणि शरीराच्या वजनातून यायला हवा, पेशंटची खुर्ची उंच हवी, दोन सिटिंगच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ हवा.

या कामाचं सर्वांत मोलाचं दालन मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या नर्सिंग संशोधनाने उघडलं आहे. ग्वेन वायट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्तनाचा कर्करोग बळावलेल्या ३८५ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप कमी झाली आणि हालचाल सुधारली. वेदना, चिंता आणि नैराश्य यांत फरक दिसला नाही. आणि गंमत अशी की, पॉइंट न धरता नुसते पाय चोळून दिलेल्या गटात थकवा उतरला. कर्करोग बरा होतो असा दावा यात नव्हता, तरी हा दिलासा खरा होता.

२०१७ च्या त्यांच्या चाचणीत तर घरच्यांनाच शिकवलं गेलं. २५६ जोड्या होत्या, एक रुग्ण आणि एक सांभाळणारं माणूस. आठवड्यातून किमान एकदा, चार आठवडे. ज्यांना घरच्या माणसाने रिफ्लेक्सॉलॉजी दिली, त्यांच्या लक्षणांची तीव्रता कमी झाली. केमोनंतर आईच्या उशाशी बसलेल्या मुलाला आपण काय करावं हेच सुचत नसतं. त्याला अंगठ्याची चाल शिकवायला दोन तास पुरतात. जखमेवर, सुजेवर हात लावायचा नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे त्याला आधी सांगायचं. आपल्या गावातल्या कर्करोग रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन, तिथल्या डॉक्टरांच्या परवानगीने असा वर्ग महिन्यातून एकदा घेता येईल का, हे या तुकडीतल्या दोघातिघांनी जरी येत्या सोमवारी विचारून पाहिलं, तरी कामाला सुरुवात होईल.