आधी ताळेबंद, मग बोअर
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आठवणी सकाळपासून भरपूर झाल्या, म्हणून मी माझी दहा मिनिटं पाण्याला देते. आपल्या बॅचच्या निधीतून गावाला बोअर घेऊन द्यावा, अशी सूचना आली आहे. ती आपुलकीने आलेली आहे. तरीही माझं म्हणणं असं, की बोअरच्या आधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद करू या.

आपला आष्टी-पाटोद्याचा पट्टा पर्जन्यछायेतला. दिवाळीनंतर वर्ग कसा रिकामा व्हायचा, हे सरांना आणि बाईंना हजेरीपटावरून ठाऊक आहे. मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची. त्यातल्या काहींची शाळा तिथेच सुटली, म्हणून आज ती या मांडवात नाहीत. रब्बीचं एक पीक खात्रीने हाती आलं, तर काही घरांचा तरी कोयता सुटेल. प्रश्न नुसत्या तहानेचा नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कोणतीही यंत्रणा उभारताना आम्ही आधी क्षमता किती आणि मागणी किती हे मोजतो. पाण्याचंही गणित तसंच आहे, आणि ते सातवीच्या मुलाला जमेल. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १०,००० लिटर पाणी पडलं. आपल्या भाषेत एक टँकर. गावाचं शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर धरा. वर्षाला ४ लाख टँकर आकाशातून येतात. आता खर्च बघा. २,००० माणसांना रोज माणशी ५५ लिटर दिलं, तर दिवसाला ११ टँकर, वर्षाला सुमारे ४,००० टँकर. म्हणजे पडलेल्या पाण्याचा शंभरावा भाग!

मग उन्हाळ्यात टँकरची वाट का बघावी लागते? बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, बरंच वाहून जातं, आणि जे मुरतं त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पाटपाण्यावरच्या एका हेक्टर उसाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे २,००० टँकर. दोन हेक्टर ऊस अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो. हे कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, म्हणून शेतकरी तो लावतो. पण आकडा सगळ्यांसमोर असला पाहिजे.

बोअरचंही तसंच. आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. नवा बोअर नवं पाणी तयार करत नाही. पुष्कळदा तो शेजारच्या विहिरीचंच पाणी ओढतो. ज्याच्याकडे खोल जायला पैसे आहेत त्याला पाणी मिळतं, बाकीच्यांच्या विहिरी आटतात.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आपल्या सर्वांना माहीत आहे. तिथला पाऊसही जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर तिथली माणसंही गाव सोडून जात होती. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर रोजगार हमीतून समतल चर, बंधारे, झाडं ही कामं झाली. ती कामं पुष्कळ गावांत झाली आहेत. हिवरे बाजारचं वेगळेपण नियमांत आहे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी, तर पेरा कमी.

आता माझा प्रस्ताव. निधीतला थोडा भाग घेऊन शाळेत पर्जन्यमापक बसवू. आठवी-नववीच्या मुलांनी गावातल्या दहा विहिरींची पातळी दर महिन्याला टेपने मोजायची. जवळ मोठं माणूस हवंच. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचे. पावसाळा संपला की ग्रामसभेत ताळेबंद वाचायचा.

काही मित्रांनी विचारलं, तू ॲप का करून देत नाहीस? देईन, पण फळ्यानंतर. ॲपमधला आकडा फोनवाला बघतो. फळ्यावरचा आकडा पाणी भरायला जाणारी बाईही वाचते, आणि चुकला असेल तर तिथेच सांगते. शिवाय ज्याला जमीन नाही, विहीर नाही, त्याच्या घरचं पाणी आणि त्याच्या शेळ्यांचं पाणी ताळेबंदात पहिल्या ओळीत लिहिलं गेलं पाहिजे. तो ग्रामसभेत बोलेलच असं नाही, म्हणून कागदाने त्याच्यासाठी बोलायचं.

दोन पावसाळ्यांचे आकडे हातात आले, की बोअर हवा, बंधारा हवा, की जुन्या तलावातला गाळ काढायचा, हे गावच ठरवेल. उरलेला निधी तेव्हा त्या कामाला द्यावा. कदाचित बोअरच ठरेल. मग मी सगळ्यात आधी हात वर करेन.

बोअरवर आपल्या बॅचच्या नावाची पाटी लागली असती, हे खरं. फळ्यावर आपलं नाव नसेल. पण गावातल्या मुलांना आपलं पाणी मोजता येईल, आणि ते शिकवायला आपली शाळाच योग्य जागा आहे. सर, बाई, यात तुमचं मार्गदर्शन हवं आहे. आणि गावात राहणाऱ्या मित्रांनो, हे तुम्हाला पटलं तरच करायचं, कारण तिथे रोज तुम्ही असता, आम्ही नाही.