गॅरेजातली सुतारकी
(मंडळाच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'लाकडी होल्ड' असं वाचून मघाशी चहाच्या रांगेत दोघांनी विचारलं, "म्हणजे दाराच्या मुठी का हो?" तेव्हा आधी खुलासा करतो. प्रस्तरारोहणाचा सराव करायला काही लोक घरात प्लायवूडची एक फळी उभी करतात. सरळ नव्हे, आपल्या अंगावर येणारी. तिच्यावर बोटांनी धरायला जे तुकडे बसवतात ते होल्ड. दुकानात मिळतात ते बहुधा रेझिनचे, रंगीत आणि महाग. मी ते लाकडाचे करतो.

मी पुण्याचा. कॉलेजात असताना सह्याद्रीत थोडंफार चढलो, लग्नानंतर दोर माळ्यावर गेला. शेफील्डला आलो तो नोकरीसाठी. हे गाव चढणाऱ्यांचं आहे हे इथे आल्यावर कळलं. लेक नवव्या वर्षी मैत्रिणीबरोबर क्लाइंबिंग वॉलवर गेली आणि तिथलीच झाली. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या वॉल बंद झाल्या. तेरा वर्षांची पोरगी घरातल्या दारांच्या चौकटींना लोंबकळायला लागली, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, घर खाली येण्याआधी काहीतरी करा."

गॅरेज रिकामं केलं. म्हणजे सामान शेडमध्ये कोंबलं. आठ बाय चार फुटांचं अठरा मिलिमीटर जाडीचं प्लायवूड मागवलं, मागे भक्कम चौकट, आणि उभ्या रेषेपासून चाळीस अंश कलतं बसवलं. चाळीस अंश ऐकायला काही वाटत नाही. खाली उभं राहून वर बघितलं की पोटात गोळा येतो.

लाकूड मिळालं ते शेजाऱ्याच्या कृपेने. त्याने स्वयंपाकघर बदलताना बीचच्या लाकडाचा जुना ओटा काढून ठेवला होता. (बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, आमच्या आईला अजून तसंच वाटतं.) घट्ट, बारीक रेषांचं लाकूड, सहसा फूस निघत नाही. पाइन स्वस्त, पण मऊ. कडा लवकर दबतात. फेकून दिलेले पॅलेट दिसले की हात शिवशिवतात, पण त्यावरचा शिक्का बघा. एचटी असेल तर नुसतं तापवलेलं, एमबी असेल तर विषारी धुरी दिलेलं. ते घरात आणू नका.

आमच्या आळीतले सुतारकाका म्हणायचे, लाकूड कापण्याआधी त्याच्या रेषा वाच. तेव्हा कंटाळा यायचा. पहिला होल्ड मी रेषा आडव्या ठेवून कापला आणि लेकीने ओढल्याबरोबर त्याची कड बिस्किटासारखी तुटली. रेषा होल्डच्या लांबीला धरून हव्यात. शिवाय प्रत्येक होल्डला दोन स्क्रू, नाहीतर तो हातात गोल फिरतो. आणि स्क्रूसाठी आधी भोक पाडायचं, म्हणजे लाकूड चिरत नाही. मग रंधा, कानस, आणि पॉलिशपेपर ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी. व्हार्निश अजिबात नाही, हात घसरतो. आणि मास्क लावायचा. हा भुसा नुसता शिंका आणणारा नाही. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो.

लाकूडच का? रेझिन खरखरीत असतं, बोटांची कातडी तासाभरात सोलवटते. लाकूड गुळगुळीत, त्यामुळे कातडी टिकते; पण घर्षणाची मदत कमी, म्हणून सगळं काम बोटांना करावं लागतं. वोल्फगांग ग्युलिश या जर्मन चढाईपटूने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या 'कॅम्पस' नावाच्या जिममध्ये अशाच लाकडी पट्ट्यांची फळी लावली होती. पाय न टेकता नुसत्या हातांनी पट्टीवरून पट्टीवर उडी. त्या तयारीवर त्याने १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन डिरेक्ट' हा मार्ग चढला. आजही ती पद्धत 'कॅम्पसिंग' म्हणूनच ओळखली जाते.

मी हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. फळीच्या वरच्या अर्ध्या भागात पट्ट्यांची शिडी केली. आधी वीस मिलिमीटर खोलीच्या, मग पंधरा, मग दहा. कडा अगदी काटकोनात. कानशीने गोल करायचा कंटाळा, आणि खरं सांगायचं तर त्या तशा सुबक दिसत होत्या.

सप्टेंबरात एकदा जेवताना बघितलं, लेक पोळी डाव्या हाताने तोडत होती. उजव्या मधल्या बोटाचं मधलं पेर वरच्या बाजूने सुजलेलं. "किती दिवस?" "चार आठवडे." डॉक्टरांनी एक्सरे काढला. वाढत्या वयात बोटाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो, तिथून हाड वाढतं. मोठ्या माणसाच्या बोटावर फार ताण आला तर आतला पट्टा फाटतो. मुलांमध्ये तो थरच आधी हार मानतो. तिथे चीर गेली होती. दुर्लक्ष केलं असतं तर बोट कायमचं वाकडं राहू शकलं असतं. अठराच्या आत कॅम्पसिंग करू नये असा प्रशिक्षकांचा सल्ला असतो. मी ग्युलिशचं वाचलं होतं, हे वाचलं नव्हतं.

गाडीत मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, तू एवढ्या रात्री जागून बनवलंस ना."

मला त्यावर काही बोलता आलं नाही. सिग्नल हिरवा झालेलाही मागच्या गाडीने सांगितला.

चढणं तीन महिने पूर्ण बंद. त्या तीन महिन्यांत मी ती शिडी उतरवली आणि नवे होल्ड केले. मोठे, मूठभर, खोल, कडांना चांगली दहा मिलिमीटरची गोलाई. ती शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने एकेक चाचपायची. "इथे टोचतंय." मी पुन्हा कानस घ्यायचो. एका होल्डसाठी सात वेळा. बोट बरं झालं, सरळ आहे. जानेवारीत ती फळीवर परत चढली तेव्हा पाय टेकूनच, आणि दुखलं की थांबायचं या बोलीवर.

आज नमुने आणले आहेत, ते रांगेतून फिरवतो. हातात घ्या, कडेवरून बोट फिरवून बघा. ते काळ्या पिशवीतलं दहा मिलिमीटरचं पट्टीचं तुकडं मात्र कुणी ठेवून घेऊ नका. ते परत माझ्या गॅरेजात टांगायचं आहे.