बटव्यातली गोळी

बैठकीत हप्ते गोळा झाले की आपण बटवा मिटतो. मागच्या महिन्यात आम्ही म्हटलं, थांबा, बटव्यातल्या गोळ्याही काढा. बऱ्याच जणींकडे अंगदुखीची गोळी निघाली. किराणा दुकानातून सुटी आणलेली, पाकिटाचा कापलेला तुकडा, त्यावर अर्धंच नाव.

त्यातल्या पुष्कळ गोळ्या आयबुप्रोफेनच्या होत्या. काहीजणी तिला ब्रुफेन म्हणतात. गोळी वाईट नाही. इंग्लंडमध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी ती १९६९ साली बाजारात आली. दुखणं, सूज आणि ताप, तिन्हींवर चालते. दाढ ठणकली, पाय मुरगळला, गुडघा सुजला तर उपयोगी. आणि पाळीच्या कळांवर तर फारच. त्या दिवसांत गर्भाशयात एक रसायन तयार होतं, त्यानं गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. ही गोळी ते रसायनच कमी बनू देते. म्हणून कळा सुरू होताच, जेवून घ्यावी. दिवसभर सोसून रात्री घेण्यात काय हशील? सोसल्याचं बक्षीस कुणाला मिळालेलं आम्ही तरी ऐकलं नाही.

पण तसलंच रसायन पोटाच्या आतलं अस्तर सांभाळतं, मूत्रपिंडाला रक्त नीट पोचू देतं. आपण काय करतो? पहाटे नुसत्या चहावर गोळी घेऊन ऊसतोडीला, वेचणीला जातो. फडात आडोसा नसतो म्हणून पाणीही कमी पितो. रिकामं पोट, ऊन, अंगात पाणी नाही आणि रोज ही गोळी, हे मूत्रपिंडाला झेपत नाही. पोटात जखम होऊन रक्तही जाऊ शकतं. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोठ्या माणसाला एका वेळी २०० किंवा ४०० मिलीग्रॅम, मध्ये सहा ते आठ तास. डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० च्या वर नाही. रोजच लागत असेल तर दुखण्याचं मूळ तपासून घ्यायला हवं. गरोदर बाईनं स्वतःच्या मनानं घेऊच नये, पाचव्या महिन्यानंतर तर बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. बीपी, दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा. लेकरांचा डोस वजनावर ठरतो, आपली गोळी अर्धी करून देऊ नका.

पावसाळ्यातल्या तापाला ही गोळी नको. डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मापातच.

दवाखान्यात गेलात तर आधी कोणती गोळी घेतली ते सांगा. नाव वेगळं पण औषध तेच, असं होऊन दुप्पट डोस जातो.

पुढच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. गोळी मेडिकलमधूनच घ्या, नाव आणि मुदत छापलेली बाजू मागून घ्या, आणि तीच बटव्यात घालून आणा. त्या वाचून दाखवतील.