क्रमांक १५५ची खेळाडू



टेबल टेनिस हा बंद दाराआडचा खेळ. आसनगाव स्थानकावर उतरून शहापूरला येणाऱ्याला किंवा कल्याणहून एस.टी.ने मुरबाडला जाणाऱ्याला वाटेत कबड्डीची आखलेली मैदाने दिसतात, कापणीनंतरच्या शेतात रंगलेले क्रिकेट दिसते. टेबल टेनिसचे टेबल काही दृष्टीस पडत नाही. तरीही या खेळाचा चाहता इथेही असू शकतो. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या मुली चीनविरुद्ध उतरल्या, तेव्हा त्या सामन्याशी नाते जोडायला अशा चाहत्यापाशी मोबाइलच्या वीतभर पडद्याखेरीज काही नव्हते. पण जे दिसले ते विलक्षण होते.

पहिल्याच लढतीत अयहिका मुखर्जीने सुन यिंगशाला हरवले. सुन ही त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर, तर अयहिका १५५व्या. तिच्या रॅकेटच्या एका बाजूचे रबर चेंडूची गिरकी मारून टाकणारे. सुनला तो चेंडू उमगेचना. मनिका बात्रा दुसरी लढत हरली, पण तिसरीत श्रीजा अकुलाने वांग यिदीला सरळ तीन गेममध्ये नमवले. भारत २-१ने पुढे! पुढच्या दोन्ही लढती चीनने जिंकल्या आणि सामना ३-२ असा गेला. हरलेल्या सामन्याचा आनंद कसा होऊ शकतो, हे ज्याला कळत नाही त्याला सांघिक खेळच कळलेला नाही असे म्हणावे लागेल.

एकेरीत एखादा असामान्य खेळाडू संपूर्ण देशाची अब्रू राखू शकतो. सांघिक सामन्यात ते शक्य नाही. तिघे उभे करावे लागतात, आणि पाच लढतींपैकी तीन जिंकाव्या लागतात. पूर्वी तर तिघांपैकी प्रत्येकाला प्रतिपक्षाच्या तिघांशीही खेळावे लागे; नऊ लढती, पाच जिंकणारा विजयी. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर इथे कमाल उत्पन्न नव्हे, वाटप मोजले जाते.

या स्पर्धेचा जन्मही मोठा मनोरंजक आहे. १९२६ साली लंडनला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत भारताचाही संघ होता. पुरुषांच्या सांघिक विजेत्याला मिळणारा करंडक लेडी स्वेथलिंग यांनी दिलेला. त्यांचा मुलगा आयव्हर माँटेग्यू हा बँकवाल्या लॉर्ड घराण्यातला, ज्यांच्या नावाने आपण १९१९च्या माँटफर्ड सुधारणा ओळखतो त्या भारतमंत्र्यांचा पुतण्या, आणि स्वतः पक्का कम्युनिस्ट! आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचे अध्यक्षपद त्याने १९६७पर्यंत सांभाळले. त्याच्याच कारकिर्दीत, १९५६ साली, या महासंघाने दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांच्या संघटनेला दूर सारून वर्णभेद न मानणाऱ्या संघटनेला मान्यता दिली. इतर खेळांच्या धुरीणांना ही बुद्धी व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

ही जागतिक स्पर्धा आशियात प्रथम आली ती १९५२च्या फेब्रुवारीत, मुंबईला. पुरुषांचा सांघिक करंडक हंगेरीने नेला, स्त्रियांचा कॉर्बिलाँ करंडक जपानने. हिरोजी सातो या चष्मा लावणाऱ्या जपानी खेळाडूने रॅकेटला जाड स्पंज चिकटवून आणला होता. त्यावरून चेंडू सुटताना आवाजच होईना आणि चेंडूच्या टकटकीवर ज्यांचे कान तयार झाले होते असे भलेभले गोंधळून गेले. एकेरीचे अजिंक्यपद त्याने जिंकले. मुंबईच्या नळाला त्या दिवसांतही शहापूर तालुक्यातल्या तानसाचे पाणी येत होते. १८९२पासून ते येत आहे. पाणी खाली गेले, खेळ मात्र वर आला नाही. ज्या तालुक्यात भातसाचे धरण आहे त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे रॅकेटची गोष्ट काढावी हे काहींना चैनीचे वाटेल. वाटो. टँकर आणि टेबल यांत निवड करण्याची पाळी मुंबईच्या मुलावर येत नाही, मग शहापूरच्या मुलावर ती का यावी?

अयहिका आली ती नैहाटीहून. हुगळीकाठचे, ज्यूटच्या गिरण्यांचे हे गाव. कोलकाता नव्हे, कोलकात्याच्या लोकलच्या वाटेवरचे. तिची जोडीदार सुतीर्था मुखर्जीही तिथलीच. २०२३च्या हांगझो आशियाई स्पर्धेत दुहेरीत या दोघींनी चीनच्या विश्वविजेत्या जोडीला हरवून कांस्यपदक मिळवले. म्हणजे महानगरापासून दूर असणे हा काही अपात्रतेचा दाखला नव्हे.

बुसाननंतर भारताचे दोन्ही संघ ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेस प्रथमच पात्र ठरले. पॅरिसमध्ये मुलींनी रुमानियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, तिथे जर्मनीने त्यांना ३-१ असे थांबवले. तो एक विजय अर्चना कामतचा. सुनला हरवणारी अयहिका मात्र पॅरिसला राखीव खेळाडू होती. आणि अर्चनाने त्यानंतर काही आठवड्यांतच, चोविसाव्या वर्षी, उच्च शिक्षणासाठी खेळ सोडला. पैशासाठी नव्हे, अभ्यासाच्या ओढीने, असे तिने स्वच्छ सांगितले, आणि त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे. खेळ की विद्या हा प्रश्न तिला स्वतःच्या मनाने सोडवता आला. मुरबाडच्या दहावीतल्या मुलीपुढे तो प्रश्न उभाच राहत नाही. तिच्यापुढे प्रश्न असतो शेवटच्या एस.टी.चा.

पावणेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद टेबल आणि वारा न शिरणारी एक खोली, एवढीच या खेळाची गरज. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्याचे चार महिने मैदाने चिखलात असतात; तेव्हा तर याहून सोयीचा खेळ नाही. शाळांच्या वर्गखोल्या संध्याकाळी पाचनंतर रिकाम्याच असतात. बाके भिंतीला लावली तर जागा होते. टेबलासाठी वर्गणी काढता येईल. त्याआधी त्या खोलीच्या कुलपाची किल्ली पाचनंतर कोणाच्या हाती राहणार, एवढे शहापूरने आणि मुरबाडने आपापल्या शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत ठरवून घ्यावे.