पहिली फटफटी घेताना

बैल घ्यायला बाजारात गेलो की आपण काय काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मनाशी विचारतो की हा माझ्या औताला चालेल का? पण मुलासाठी फटफटी घ्यायची वेळ आली की ही सारी चौकशी आपण विसरतो. रंग पाहतो, आवाज ऐकतो आणि शेजारच्या मुलाने कोणती घेतली ते विचारतो. म्हणून नवशिक्या माणसाने पहिली मोटारसायकल कशी निवडावी, याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट वयाची. गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिक्षकांनी पालकसभेत एवढे जरी वाचून दाखवले, तरी पुष्कळ काम होईल.

आता गाडीकडे वळू. नवशिक्याला शंभर ते सव्वाशे सी.सी.ची गाडी पुरते. शंभर सी.सी.ची साधी गाडी ११० किलोच्या आसपास भरते, साडेतीनशे सी.सी.ची १८० किलोच्याही वर जाते. शिकताना गाडी जोरात असताना पडते असे नव्हे. ती बहुधा उभी असताना, वळवताना, चिखलात पाय घसरला की कलते. हलकी गाडी त्या वेळी पायाने सावरता येते, जड गाडी पाय घेऊनच खाली बसते. म्हणून दुकानात नुसते वर बसून पाहू नका. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहा. मग उतरून गाडी दहा पावले ढकला, मागे घ्या, मधल्या स्टँडवर चढवा. जी गाडी तुम्हाला अंगणात आवरत नाही, ती घाटात कशी आवरेल?

गिअरचेही पाहून घ्या, बरं का. शंभर सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांत चारही गिअर पायाने पुढे दाबून पडतात. इतर गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. मुलगा ज्या तऱ्हेच्या गाडीवर शिकला, त्याच तऱ्हेची पहिली गाडी असलेली बरी. अडचणीच्या वेळी पाय विचार करीत नाही, सवयीने चालतो.

ब्रेकविषयी एक गैरसमज घरोघर आहे, की पुढचा ब्रेक लावला तर माणूस उलटतो. खरे असे आहे की, ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला, तर मुरमाच्या रस्त्यावर मागचे चाक सरकते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत लावायची सवय हवी. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्याहून मोठ्या गाड्यांत चाक अडकू न देणारी ए.बी.एस. सोय सक्तीची झाली. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल, तर ही सोय आहे का ते विचारा.

गाडी नीट करणारा माणूस किती लांब आहे, हेही मोजा. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंधन विजेवर मोजून सोडणारी यंत्रणा आली. ती नुसत्या पान्या-पकडीने दुरुस्त होत नाही. तालुक्याला जिचे सुटे भाग आणि जाणता मिस्त्री मिळतो, ती गाडी तुमची. किक आहे ना, तेही पाहा. बॅटरी उतरल्यावर किकच कामी येते.

जुनी गाडी घेताना इंजिनाला आधी हात लावून पाहा. ते गार असतानाच सुरू करायला सांगा. निळसर धूर आला, तर ऑइल जळते आहे असे समजा. टायरवर चार आकडे एकत्र असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आणि कागद! सातबाऱ्यावरचा बोजा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेतो का? तसेच गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते आर.सी.वर पाहा, चासी नंबर ताडून घ्या, विमा चालू आहे याची खात्री करा आणि तीस दिवसांच्या आत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज द्या. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

शेवटची गोष्ट पैशाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. गाडीचे पैसे मोजताना दोन हेल्मेटांचे पैसे आधी बाजूला काढा. एक चालवणाऱ्याचे, एक मागे बसणाऱ्याचे. आय.एस.आय. खूण पाहून घ्या आणि पट्टा बांधलाच पाहिजे. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे दुचाकी अपघातांत गेली. त्यांत १४,३३७ मागे बसलेली होती. त्या बिचाऱ्यांच्या हातात ना ब्रेक होता, ना हँडल. मागच्या चाकाला जाळी हवी, नाहीतर आईचा पदर आणि बहिणीची ओढणी चाकात जाते.

गाडी दारात आली म्हणजे शिकणे संपले असे नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ते तीस दिवस वाया घालवू नका. पांढऱ्या पाटीवर लाल रंगातले इंग्रजी ‘एल’ अक्षर पुढेमागे लावा. परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे घेऊ नका. सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीने गाडी चालवा, आठाचा आकडा काढा, ठरल्या रेघेवर थांबा. वेगाने कुणालाही जाता येते. हळू चालवून तोल राखणे ज्याला जमले, त्याच्या हातात गाडी आली असे समजावे.

आपला मुलगा म्हणेल, “बाबा, मोठी घ्या ना!” रागावू नका. त्याला सांगा, “ही दोन वर्षे धडपणी चालव, मग मोठीचं बोलू.” दोन वर्षांनी त्याची हौसही शाबूत असेल आणि हातपायही.