पावाचा पाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर फळा नसतो आणि मला आज बोलायचं आहे अपूर्णांकांच्या गुणाकाराबद्दल. कवीला बोलावलं की तो दोन कविता म्हणेल आणि चहा पिऊन जाईल, अशी अपेक्षा असते. तुम्ही मात्र आज मनातल्या मनात पाटी-पेन्सिल घेऊन बसा.

मी बी.ए.ला मराठी घेतलं. त्यामागे साहित्याचं प्रेम होतं, तेवढीच गणिताची धास्तीही होती. ही धास्ती शाळेत बसली. तोवर गुणाकार म्हणजे वाढ, असं डोक्यात पक्कं होतं. दोन गुणिले तीन सहा, चार गुणिले पाच वीस. आणि एक दिवस फळ्यावर आलं, अर्धा गुणिले अर्धा बरोबर पाव. गुणल्यावर कमी कसं झालं, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘नियम आहे, पाठ कर.’ अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने गुणा, मग दोघांना भाग जाईल त्या संख्येने भाग देऊन अतिसंक्षिप्त रूप द्या. मी पाठ केलं. समजलं काहीच नाही.

समजलं ते चुलीपाशी. आम्ही पाच भावंडं, आणि भाकरी नेहमी मोजकी. अम्मा अर्धी भाकरी मोडायची, त्या अर्धीची पुन्हा अर्धी करायची आणि हातावर चतकोर ठेवायची. अर्धीची अर्धी, म्हणजे चतकोर. यात ‘गुणिले’ कुठे आहे? तो आहे त्या ‘ची’मध्ये. हे मला फार उशिरा, कविता लिहायला लागल्यावर ध्यानात आलं. मराठीतला षष्ठीचा प्रत्यय, चा-ची-चे, हेच अपूर्णांकाचं गुणाकाराचं चिन्ह. पावाचा पाव, म्हणजे पाव गुणिले पाव, म्हणजे एक सोळांश. आमच्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकली, त्यांना हे सांगावं लागत नव्हतं. ‘सात निमे साडेतीन’ म्हणणारा मुलगा गुणाकाराने संख्या लहान होते म्हणून दचकला नसता.

आता मध्येच भास्कराचार्यांकडे जाऊ. त्यांचा जन्म 1114चा आणि ‘लीलावती’ 1150च्या सुमाराची. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. लीलावतीत अपूर्णांकाच्या अपूर्णांकाला ‘प्रभागजाती’ म्हटलं आहे आणि तिथे एका कंजुषाचं उदाहरण येतं. दारात याचक उभा. कंजूष मनाशी एक द्रम्म धरतो. त्याचा अर्धा, अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा भाग आणि त्याचाही चौथा भाग काढून याचकाला देतो. तर दिलं किती?

सगळे अंश गुणले तर सहा येतात, सगळे छेद गुणले तर सात हजार सहाशे ऐंशी. सहाने दोन्हींना भाग द्या, उरतो एक छेद बाराशे ऐंशी. पण शहाणा माणूस आधीच काट मारतो. अर्ध्यातल्या छेदाचा दोन पुढच्या अंशातल्या दोनाने उडतो, तीनाने तीन उडतो, आणि पहिल्या तीन पायऱ्यांचा झाला फक्त पाव. पुढे पावाचा पाचवा विसावा भाग, त्याचा सोळावा तीनशे विसावा, त्याचा चौथा बाराशे ऐंशीवा. लीलावतीच्या कोष्टकात वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म. वीस चोक ऐंशी, ऐंशी गुणिले सोळा बाराशे ऐंशी. म्हणजे एवढी आकडेमोड करून त्या सद्गृहस्थाने दिली एक कवडी! अतिसंक्षिप्त रूपाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. मोठमोठे शब्द काढून टाकले की दानाचा खरा आकार दिसतो. आमच्या काही कवितांनाही ही क्रिया करून पाहावी.

ही लीलावती 1587 साली फारसीत नेली फैजीने. अकबराच्या दरबारातला हा फैजी मुळात कवी. म्हणून म्हटलं, कवीने गणितात नाक खुपसण्याची चाल जुनी आहे.

आता घरची गोष्ट सांगतो. अब्बा 2009 साली गेले. मागे अम्मा, आम्ही दोघे भाऊ आणि तीन बहिणी. मालमत्ता म्हणजे तालुक्याच्या गावातलं एक जुनं घर. आमच्यात वारसाहक्काचे हिस्से कुराणातच सांगितलेले आहेत आणि त्यात सहा अपूर्णांक येतात: निम्मा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, तृतीयांश आणि सहावा. त्यांच्या हिशेबाचं ‘फराइज’ नावाचं स्वतंत्र शास्त्रच आहे. बगदादच्या ज्या अल-ख्वारिज्मीच्या ग्रंथाच्या नावातून ‘अल्जिब्रा’ हा शब्द आला, त्या ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रं आणि वाटण्या यांच्या गणितांचा आहे.

मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. उरलेले सात अष्टमांश मुलामुलींत, मुलाला दोन तर मुलीला एक या प्रमाणात. हे प्रमाण असं का, हा प्रश्न माझ्या बहिणींनी मला विचारला आहे आणि त्यांना पटेल असं उत्तर मी देऊ शकलेलो नाही. पण पुष्कळ घरांत तो एक हिस्साही बहिणीच्या हाती पडत नाही, हे आधी कबूल करायला हवं. आमच्याकडे दोन अधिक दोन अधिक तीन, म्हणजे सात वाटे झाले. बहिणीचा हिस्सा सात अष्टमांशचा सातवा भाग. साताने सात उडाला, उरला आठवा भाग. भावाचा त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव.

घर विकलं 2019 साली. पण मधली बहीण 2014 सालीच वारली होती. मोठे भाऊ म्हणाले, ‘ती गेली, तिचा नवरा दुसरं लग्न करून मोकळा झाला. आता तिचा वाटा कसला?’ मी गप्प बसलो. का बसलो तेही सांगतो. हिशेबाच्या सोयीसाठी धरा, घराचे नऊ लाख साठ हजार आले. बहीण वगळली की माझे दोन लाख चाळीसचे दोन लाख ऐंशी होत होते. चाळीस हजार रुपये एका कवीला गप्प करायला पुरतात.

अम्मा मात्र गप्प बसली नाही. ‘मेरी बेटी मरी, उसका हक थोडा मरा?’ एवढंच म्हणाली आणि मला काझीसाहेबांकडे धाडलं. वाटणी होण्याआधीच एखादा वारस गेला तर त्याच्या हिश्श्याची पुन्हा वाटणी होते, तिला ‘मुनासखा’ म्हणतात. आठव्या भागाचे आणखी भाग, म्हणजे आमची ती प्रभागजातीच. बहिणीच्या नवऱ्याला पाव, आईला सहावा, बाकी सगळं एकुलत्या मुलाला. पाव आणि सहावा मिळून पाच बारांश, म्हणून मुलाला सात बारांश. सात आणि बारा! घराच्या वाटणीतही सातबारा सुटला नाही म्हणून काझीसाहेब हसले.

मग गुणाकार. आठव्याचा पाव, एक छेद बत्तीस. आठव्याचा सहावा, एक छेद अठ्ठेचाळीस. आठव्याचे सात बारांश, सात छेद शहाण्णव. मी हौसेने सगळ्यांना संक्षिप्त रूप दिलं होतं. काझीसाहेब म्हणाले, ‘आता हे सगळं परत मोठं करा, छेद एक पाहिजे.’ वाटणीच्या वेळी आकडा नुसता सुटसुटीत असून चालत नाही, तो सगळ्यांच्या मापात मोजता यावा लागतो.

घरी आल्यावर अम्माने शहाण्णव चिंचोके मोजून घेतले. आम्हा भावांपुढे चोवीस-चोवीस, दोन बहिणींपुढे बारा-बारा. तिचे स्वतःचे बारा आणि लेकीकडून आलेले दोन, असे चौदा. जावयाचे तीन. आणि सात चिंचोके तिने बाजूला, पाण्याच्या माठाशी ठेवले. मोठे भाऊ बराच वेळ त्या ढिगांकडे पाहत राहिले. मग त्यांनी एकदा सगळे पुन्हा मोजले आणि ‘ठीक आहे’ म्हणाले.

भाच्याचे पैसे त्याच्या नावावर ठेवले. तेव्हा तो सातवीत होता. मी केलेला हिशेबाचा कागद त्याला दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि विचारलं, ‘मामू, सात छेद शहाण्णव, याला अजून भाग जात नाही?’

‘नाही जात,’ मी म्हटलं.

त्याचा माझ्यावर विश्वास बसला नसावा. त्याने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि कागद उलटा करून शहाण्णवला साताने भागायला सुरुवात केली.