केशवसुतांची वही आणि केशवसुतांचे चरित्र



रत्नागिरीत येऊन केशवसुतांविषयी बोलावयाचे म्हणजे गणपतीपुळ्यास जाऊन गणपतीचे माहात्म्य सांगण्यापैकी आहे. पुळ्यापासून मालगुंड ते किती दूर! त्यांच्या कविता आपल्यापैकी कित्येकांना माझ्यापेक्षा अधिक पाठ असतील. तेव्हा रसग्रहणाच्या वाटेला मी जात नाही. थोडा रूक्ष वाटेल असा प्रश्न आज घेतला आहे. कवीचे चरित्र लिहावयाचे ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत जॅक लंडन नावाचा मोठा लोकप्रिय कादंबरीकार होऊन गेला. तो १९१६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारला. पुढे १९३८ साली आयर्व्हिंग स्टोन याने त्याचे चरित्र लिहिले. पुस्तक रसाळ, हातातून सुटू नये असे. पण लंडनच्या कथाकादंबऱ्यांतील प्रसंग या गृहस्थाने लेखकाच्या आयुष्यातील घटना म्हणून खुशाल उचलले. मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंडाच्या विकाराचे कारण असताना लंडनने आत्महत्या केली, असा समजही या पुस्तकामुळे दृढ झाला. अभ्यासकांनी एकेक विधान तपासून पाहिले आणि मग पुढच्या आवृत्त्यांवर 'चरित्रात्मक कादंबरी' असे शब्द आले. शब्द आले खरे, पण तोवर ती गोष्ट घरोघर जाऊन बसली होती.

आता आपल्या घरात पाहू. केशवसुतांचे एक चित्र शाळेपासून आपल्या मनात ठसलेले असते. आधी तुतारी फुंकणारा बंडखोर, मग आयुष्याच्या खस्तांनी थकून अंतर्मुख झालेला आणि शेवटी कसल्याशा गूढाच्या मागे लागलेला कवी. चित्र सुबक आहे. 'हरपले श्रेय' ही कविता १९०५ सालची, मरणाच्या वर्षातली, म्हणून ते खरेही वाटते. परंतु केशवसुतांनी आपल्या वाचकांवर एक उपकार करून ठेवला आहे. कवितेखाली स्थळ आणि तारीख घालण्याची त्यांना सवय होती. 'तुतारी'ची तारीख २८ मार्च १८९३, स्थळ मुंबई. आणि ज्ञाताच्या कुंपणापलीकडे झेप घेणारी 'झपूर्झा'? तिची तारीख २ जुलै १८९३! मध्ये तीन महिने आणि चार दिवस. पुन्हा 'नवा शिपाई' पाहावा, तर तो १८९८ सालचा. म्हणजे थकून अंतर्मुख झाला म्हणावे, तर हा शिपाई पाच वर्षांनी पुन्हा छाती काढून उभाच! बंडखोर आणि गूढवादी अशी दोन माणसे एकामागून एक आलेली नाहीत. ती एकाच वेळी, बहुधा एकाच खोलीत राहत होती. आपले सुबक चित्र कवितेखालच्या दोन ओळींनी मोडते.

यावर कोणी विचारील, की ती तारीख रचनेची कशावरून? स्वच्छ प्रत केली तेव्हाची नसेल कशावरून? शंका रास्त आहे, आणि ती फिटावयाची तर छापील पुस्तकावर भागत नाही, वहीकडेच जावे लागते. केशवसुत हयात असताना त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. 'केशवसुतांची कविता' हे पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी काढले. आज आपल्यास वहीही पाहावयास मिळते, कारण महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांच्या कवितांचे हस्तलिखित प्रसिद्ध केले आहे. मंडळाच्या या कामाचा व्हावा तितका बोलबाला झाला नाही, असे मला वाटते.

छापील पाठ आणि हस्तलिखित शेजारी ठेवले म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण पुन्हा अमेरिकेतच सापडते. थिओडोर ड्रायझर याची 'सिस्टर कॅरी' ही कादंबरी १९०० साली निघाली. छापण्यापूर्वी तिच्यात पुष्कळ काटछाट झाली होती. मूळ हस्तलिखित न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात होते. त्यावरून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९८१ साली गाळलेला मजकूर भरून नवी आवृत्ती काढली, आणि पंडितांत वाद माजला. काही म्हणाले, हीच खरी कादंबरी. काही म्हणाले, काटछाटीला खुद्द लेखकाची संमती होती, मग गाळलेले परत घालणारे तुम्ही कोण? मला दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पण हस्तलिखित जपले होते म्हणून वाद तरी घालता आला.

आपल्याकडे अडते ते इथेच. केशवसुतांची जन्मतारीखसुद्धा ग्रंथांतून दोन प्रकारे छापलेली आढळते, कोठे १५ मार्च १८६६, कोठे ७ ऑक्टोबर १८६६. त्या काळी मुलाला शाळेत घालताना पंतोजी विचारीत आणि बाप अंदाजाने सांगे. घरच्या पत्रिकेत शक आणि तिथी. त्यातून इंग्रजी तारीख काढताना घोटाळा व्हावयास वेळ लागत नाही. मृत्यूची तारीख मात्र निश्चित आहे. ७ नोव्हेंबर १९०५, हुबळी, प्लेग. पाठोपाठ पत्नीही गेली. प्लेगाच्या घरातून लोक अंथरूणपांघरूण बाहेर काढून जाळीत. अशा घरातल्या पत्रांची आणि चिठ्ठ्याचपाट्यांची काळजी कोण घेणार? घर विद्येचे होते, यात शंका नाही. धाकटे बंधू मोरो केशव यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केले. एका भावाने वृत्तांची बंधने सैल केली आणि दुसऱ्याने भाषेचे नियम बांधले, हीही एक मौजच! पण विद्येच्या घरालासुद्धा कोकणचा पाऊस आणि वाळवी सोडीत नाहीत, हे आपल्या माळ्यावरच्या पेट्या उघडून पाहिल्यास कळेल. मालगुंडास १९९४ साली स्मारक झाले, ही मोठीच गोष्ट झाली. दगडविटांच्या घराची डागडुजी करता येते. कसर लागलेल्या पत्राची नाही.

शेवटी एका कवितेविषयी सांगतो. 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही ती. पुण्यामुंबईच्या टीकाकाराला तो वारा म्हणजे घरच्या ओढीचे एक काव्यमय निमित्त वाटेल. रत्नागिरीकरांना तो ठाऊक आहे. ज्येष्ठात दर्यावरून येतो, माडांना पिळतो आणि मागोमाग पाऊस आणतो, तोच हा. कवी गावापासून दूर असताना तो त्याच्या अंगावर आला. तेव्हा कवी नेमका कोठे होता, महिना कोणता होता आणि वारा खरोखरच त्या दिशेचा होता काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने आधी कवितेखालची ओळ वाचावी आणि मग कविता.